सरमद आणि अभयचंद

दिल्लीच्या जामा मशिदीच्या पूर्वेकडील पायऱ्या उतरून खाली आले की जवळच दोन कबरी एकमेकींना लागून दिसतात. एकीची रंगरंगोटी हिरवी, दुसरीची लाल. हिरवी हरे भरे शाह या फकिराची, लाल सरमदची. दिल्लीकर त्याला सरमद शहीद म्हणतात आणि त्याच्याविषयी दोन गोष्टी हमखास सांगतात : तो नग्न हिंडत असे, आणि औरंगजेबाने त्याचा शिरच्छेद करविला. फारसी वाङ्मयाचे इतिहासकार यांत तिसरीची भर घालतात, ती त्याच्या रुबायांची. चौथी गोष्ट मात्र बहुतेक चरित्रकारांनी एका वाक्यात उरकली आहे. अभयचंद नावाच्या एका हिंदू युवकावर सरमदचे प्रेम होते. प्रस्तुत लेखकाच्या मते सरमदचे वस्त्रत्याग, भ्रमंती आणि काव्य यांचा उगम या चौथ्या गोष्टीत आहे. ती वगळली की चरित्राची एक तर संतकथा होते, नाहीतर खटल्याचे टिपण.

सरमद अरब नव्हता, हे आधीच नमूद केले पाहिजे. कारण पुढे अरबी काव्यपरंपरेचा उल्लेख वारंवार यावयाचा आहे. तो वंशाने ज्यू. त्याचे घराणे इराणातील काशानचे असे एक मत आहे, मूळ आर्मेनियातील असे दुसरे. जन्म १५९०च्या आसपास धरतात. घरात हिब्रू विद्येची परंपरा होती आणि तोरेतचे अध्ययन त्याने लहानपणापासून केले होते. पुढे त्याने इस्लामचा स्वीकार केला आणि मुल्ला सद्रा व मीर फिंदिरिस्की या तत्कालीन दोन श्रेष्ठ तत्त्वज्ञांकडे अध्ययन केले, असे सांगितले जाते. हे अध्ययन अरबीतून होत असे. मुल्ला सद्राचा मुख्य ग्रंथही अरबीतच आहे. सरमद हे त्याने घेतलेले कविनामदेखील अरबी. त्याचा अर्थ शाश्वत, आणि तो शब्द कुराणात आलेला आहे. एवंच, वंशाने ज्यू, भाषेने फारसी आणि विद्येने अरबी असा हा मनुष्य व्यापारासाठी जहाजात बसला आणि सिंधमधील ठठ्ठा या बंदराच्या शहरी उतरला. काळ सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या सुमाराचा.

ठठ्ठ्यात काय घडले हे कळण्याचे आपले सर्वांत जुने आणि सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे दबिस्तान-इ-मजाहिब हा ग्रंथ. विविध धर्मपंथांची माहिती देणाऱ्या या फारसी ग्रंथाचा कर्ता सरमदला १६४७ मध्ये हैदराबादेत प्रत्यक्ष भेटला होता. म्हणजे ही माहिती खुद्द सरमदच्या हयातीतली, आणि बहुधा त्याच्याच तोंडून ऐकलेली. नंतरच्या तजकिऱ्यांतून ज्या चमत्कारकथा वाढत गेल्या, त्यांचा मागमूस येथे नाही. दबिस्तानकाराच्या सांगण्यानुसार ठठ्ठ्यात सरमदने अभयचंदला पाहिले आणि तो आपले भान हरपला. व्यापार सुटला, माल गेला, अंगावरचे वस्त्रही गेले. तो युवकाच्या पित्याच्या दारापाशी जाऊन बसला. पित्याला प्रथम हे रुचले नाही हे उघडच आहे. पण पुढे या प्रेमाची निर्मळता त्याच्या प्रत्ययास आली आणि त्याने सरमदला आपल्या घरात थारा दिला. अभयचंदही मग त्याच्यावाचून राहीना.

येथे क्षणभर थांबून दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, पित्याची. संतचरित्रांतून आप्तांचा विरोध नेहमी येतो आणि तो मोडून काढणे हा नायकाचा पराक्रम ठरतो. येथे पिता मोडत नाही, त्याला पटते. लोकनिंदेची भीती असलेल्या गृहस्थाने एका परक्या, परधर्मी, विवस्त्र माणसाला आपल्या घरात घ्यावे, हे साधे नाही. दुसरी गोष्ट वस्त्रत्यागाची. दिल्लीत पुढे सरमदवर जो आरोप झाला त्यात नग्नता हा जणू त्याच्या सूफीपणाचा अतिरेक ठरविण्यात आला. दबिस्तानात मात्र ती प्रेमाच्या क्षणी येते, आणि तिचे समर्थन सरमद कुराणातून किंवा सूफी ग्रंथांतून करीत नाही. तो हिब्रू प्रेषित यशया याचा दाखला देतो. यशया नग्न हिंडला होता हे बायबलच्या जुन्या करारात नमूद आहे. इस्लाम स्वीकारल्याला कितीतरी वर्षे लोटलेल्या या माणसाने, आयुष्याच्या सर्वांत नाजूक प्रसंगी, आपल्या बालपणीच्या ग्रंथाचा आधार घ्यावा, ही बाब मला फार बोलकी वाटते.

आता या प्रेमाला काय म्हणावयाचे? आजच्या परिभाषेत समलिंगी हा शब्द आहे, आणि क्वीअर हाही मराठीत रुळू लागला आहे. परंतु सतराव्या शतकातील माणसापाशी हे शब्द नव्हते. त्याच्यापाशी एक काव्यपरंपरा होती, आणि तिचा आरंभ अरबीत आहे. इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या उत्तरार्धात बगदादेत अबू नुवास हा कवी होऊन गेला. तो अहवाजचा, आई फारसी, भाषा मात्र अरबी. मद्यकाव्याबरोबरच पुरुषप्रीतीची कविता त्याने अरबी भाषेत अशा प्रौढीने आणली की त्याच्या दिवाणाच्या जुन्या संपादकांनी तिचा स्वतंत्र विभाग केला. पुढे हा संकेत फारसीत गेला. सुलतान महमूद आणि त्याचा सेवक अयाज यांची प्रीती ही शेकडो फारसी कवींची उपमा झाली. तेथून तो दिल्लीत आला. अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान या तिन्ही ठिकाणी धर्मशास्त्राने कृत्याचा निषेध केला, पण सौंदर्याने वेडावणे आणि त्यावर कविता करणे याला साधारणपणे दोष मानला नाही. १५०० ते १८०० या काळातील अरब-इस्लामी जगाविषयी खालिद अल-रुवैहिब यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा भेद फार काळजीपूर्वक उलगडून दाखविला आहे. सरमदच्या न्यायाधीशांनी अभयचंदचा विषय आरोपपत्रात का आणला नाही, हे कळण्यास हाच भेद उपयोगी पडतो.

भाषेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे आणि भाषांतरकाराला तो अधिक छळतो. अरबीत क्रियापदाला आणि सर्वनामाला लिंग असते. तेथे प्रियकर पुल्लिंगी असेल तर ते उघड दिसते. इतकेच नव्हे, तर स्त्रीवर लिहितानाही मर्यादेखातर पुल्लिंग वापरण्याचा प्रघात पडला. फारसीत व्याकरणिक लिंगच नाही. त्यामुळे फारसी रुबाईतील प्रिय व्यक्ती स्त्री, पुरुष किंवा परमेश्वर यांपैकी काहीही असू शकते, आणि कवी तिन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत ठेवू शकतो. मराठीत तीन लिंगे. येथे सुटका नाही. तो आला म्हणावे की ती आली, हे पहिल्याच ओळीत ठरवावे लागते. फारसी-मराठी कोश रचणारे आणि उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणणारे माधव ज्युलियन यांच्यापासून आपल्याकडे गजल रुजली, पण तिच्यातील प्रिय व्यक्ती बहुतकरून स्त्री झाली. याउलट आपल्या विराण्या आणि गौळणी पाहाव्यात. तेथे पुरुष कवी स्वतः स्त्री होऊन विठ्ठलाला किंवा कृष्णाला आळवतो. आपल्या परंपरेने प्रेम करणाऱ्याचे लिंग बदलले. अरबी-फारसी परंपरेने ते बदलण्याची गरज मानली नाही. तुकारामांचे १६५० मध्ये प्रयाण झाले, त्याच्या तीन वर्षे आधी सरमद हैदराबादेत रुबाया रचीत होता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मराठी अभ्यासकाने हे दोन पुरुषकंठ शेजारी ठेवून ऐकण्यासारखे आहेत.

ठठ्ठ्याहून सरमद आणि अभयचंद लाहोरला गेले व तेथून दक्षिणेत. गोवळकोंड्याचे राज्य तेव्हा अब्दुल्ला कुतुबशहाचे. शिया विद्वानांना तेथे मोठा मान असे. लेबनॉनमधील जबल आमिल या प्रांतातून आलेला इब्न खातून हा अरब पंडित त्या राज्याचा पेशवा होता. (पेशवा हा शब्द ऐकताच मराठी वाचक पुण्याकडे पाहील; पण दक्षिणी सुलतानांच्या दरबारांत हे पद आपल्या आधी कितीतरी वर्षे होते.) अशा या बहुभाषी राजधानीत दबिस्तानकाराची आणि सरमदची गाठ पडली. ग्रंथकाराला ज्यू धर्मावर प्रकरण लिहावयाचे होते आणि ज्यू पंडित तर कोणी भेटत नव्हता. सरमदने त्याला माहिती दिली. पण तोरेतचा जो अंश त्या प्रकरणात फारसीत दिला आहे, त्याचे भाषांतर सरमदचे नाही. ते अभयचंदचे आहे. सरमदपाशी बसून त्याने तोरेत आणि स्तोत्रे यांचा अभ्यास केला होता. उत्पत्तीच्या पुस्तकाचा आरंभीचा भाग त्याने फारसीत आणला आणि सरमदने तो मूळाशी ताडून पाहिला.

हिंदुस्थानी वाङ्मयांच्या इतिहासात या घटनेची जितकी दखल घेतली जावयास हवी होती तितकी घेतली गेलेली नाही. सिंधमधल्या एका हिंदू युवकाने, मुसलमान झालेल्या ज्यूकडून शिकून, हिब्रू धर्मग्रंथाचा अंश फारसीत उतरवावा, आणि तो धर्मांच्या तौलनिक अभ्यासाच्या ग्रंथात समाविष्ट व्हावा, याला तोड शोधू गेले तर अकबराच्या भाषांतरखात्यापर्यंत मागे जावे लागते. तेथे बादशहाची आज्ञा होती, पगारी मुन्शी होते. येथे आज्ञा नाही, आश्रय जवळजवळ नाही. केवळ दोन माणसांचा सहवास आहे. प्रेमाचे फळ म्हणून कविता सर्वत्र दाखविता येते. प्रेमाचे फळ म्हणून भाषांतर क्वचितच दिसते. अभयचंदचा एक शेरही दबिस्तानकाराने नोंदविला आहे. त्यात तो आपण एकाच वेळी अनेक धर्मांचे असल्याचे सांगतो. म्हणजे हा युवक निव्वळ सौंदर्याचा पुतळा नव्हता, जसा तो नंतरच्या सर्व कथांतून झाला. तो शिकलेला होता, लिहिता होता, आणि त्याला स्वतःचे मत होते.

१६५०च्या दशकात सरमद दिल्लीत आला. शहाजहानाबाद नुकतेच वसले होते, जामा मशीद १६५६ मध्ये पुरी झाली. युवराज दारा शुकोह हा त्या काळी उपनिषदांच्या फारसी भाषांतराचा उद्योग चालवीत होता. ते १६५७ मध्ये सिद्ध झाले. सरमदची आणि त्याची गाठ पडणे अपरिहार्यच होते. दाराने सरमदला गुरू मानले, त्यांच्यात पत्रव्यवहार झाला. शहाजहानने इनायतखान या सरदाराला सरमदच्या चमत्कारांची शहानिशा करण्यास पाठविले, आणि तो चमत्कार वगैरे काही दिसले नाही, दिसली ती फक्त नग्नता, अशा अर्थाचा खोचक अहवाल घेऊन परतला, अशी कथा आहे. खरी असो वा नसो, ती दरबारी माणसाच्या नजरेचे चांगले चित्र देते. फ्रेंच प्रवासी बर्निये यानेही दिल्लीच्या रस्त्यांत सरमदला पाहिले होते, आणि त्याला या दृश्याची किळस वाटली. त्याच्या मते औरंगजेबाने आश्वासने दिली, धमक्या दिल्या, पण सरमदने वस्त्र घेण्याचे नाकारले आणि अखेर त्याचे मस्तक उडविण्यात आले.

बर्नियेचे म्हणणे खोटे नाही, अपुरे आहे. ऑगस्ट १६५९ मध्ये दाराचा वध झाला. दाराच्या परिवारातील जे जे प्रतिष्ठित होते त्यांच्याकडे नव्या बादशहाची दृष्टी वळणे स्वाभाविक होते. सरमदने दाराला राज्यप्राप्तीचे भाकीत केले होते, अशी वदंता पसरली होतीच. काजी मुल्ला अब्दुल कवी याने सरमदची चौकशी केली. आरोप मुख्यतः तीन. पहिला नग्नतेचा. दुसरा, पैगंबरांचे सदेह स्वर्गारोहण अमान्य केल्याचा. त्याला आधार एका रुबाईचा होता. तिसरा, कलमा अर्धाच म्हणतो, हा. अरबी कलम्यात आधी नकार येतो आणि मग होकार. सरमद नकारापाशी थांबत असे; आपण अजून होकारापर्यंत पोहोचलो नाही, अशी त्याची भूमिका होती. शास्त्र्याला हा पाखंड वाटणार. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात मुल्ला सद्राच्या शिष्याची काटेकोर प्रामाणिकता दिसेल. १६६१च्या सुमारास जामा मशिदीसमोर त्याचा शिरच्छेद झाला. तुटलेले मस्तक हाती घेऊन तो मशिदीच्या पायऱ्या चढू लागला, आणि हरे भरे शाहने त्याला थांबविले, ही कथा दिल्लीत आजही सांगतात.

अभयचंदवरील प्रेमामुळे सरमदला मारले, असे अलीकडे काही ठिकाणी लिहिले जाते. त्याला आधार नाही. आरोपांत त्याचे नाव नाही. सरमदला हुतात्मा करण्यासाठी आजचा संघर्ष त्या काळावर लादण्याची गरज नाही. परंतु याचा अर्थ प्रेमाचा या मृत्यूशी संबंधच नव्हता असाही नव्हे. ज्या क्षणी ठठ्ठ्यात त्याने वस्त्र टाकले त्या क्षणापासून तो कोणत्याच समाजाच्या हिशेबात बसत नव्हता : ज्यूंना धर्मत्यागी, मुसलमानांना संशयास्पद, हिंदूंना परका. दारा जिवंत होता तोवर या बेहिशेबीपणाला संरक्षण होते.

सरमदच्या नावावर तीनशेहून अधिक रुबाया आहेत. रुबाईत खय्याम आणि गजलेत हाफिज यांचा आपण अनुयायी असल्याचे तो सांगतो. पाप आणि क्षमा, वार्धक्य, धनाची व्यर्थता, ढोंगी धर्मनिष्ठेचा उपहास हे त्याचे नेहमीचे विषय. यांतील काही रचना पुढील काळात घुसल्या असाव्यात. विशेषतः मशीद सोडून राम-लक्ष्मणांकडे वळल्याची जी रुबाई सर्वत्र उद्धृत होते, तिच्याविषयी सावधच राहिले पाहिजे. अभयचंद आणि ईश्वर यांत आपल्याला भेद करता येत नाही अशा आशयाची द्विपदीही प्रसिद्ध आहे. सूफी भाष्यकार हिचा अर्थ असा लावतात की लौकिक प्रेम ही पायरी, आणि पायरी चढून गेल्यावर ती मागे टाकावयाची. सरमदच्या आयुष्याकडे पाहिले तर ही उपपत्ती टिकत नाही. त्याने पायरी मागे टाकली नाही; ठठ्ठा, लाहोर, हैदराबाद असा तो अभयचंदला बरोबर घेऊन फिरला. फजल महमूद असीरी यांनी शांतिनिकेतनातून १९५० मध्ये रुबायांचे संपादन केले. आयझॅक एझिकेल यांचे १९६६ चे इंग्रजी चरित्र त्याला ज्यू संत म्हणून रंगविते. तेथे प्रेमाला अध्यात्माचे वस्त्र नेसविलेले आहे. आयुष्यभर वस्त्र नाकारलेल्या माणसाच्या नशिबी हे यावे!

या प्रेमाकडे सरळ दृष्टीने पाहणारा पहिला आधुनिक लेखक अरबस्तानात जन्मलेला होता. मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्म १८८८ चा, मक्केतला. आई अरब, आणि बालपणीची भाषा अरबी. १९१० मध्ये, ऐन विशीत, ख्वाजा हसन निजामी यांच्या सांगण्यावरून त्यांनी उर्दूत सरमदवर निबंध लिहिला. अभयचंदचे प्रकरण ते टाळत नाहीत आणि त्याबद्दल क्षमाही मागत नाहीत. प्रेमाने होरपळल्याशिवाय मनुष्याचे डोळे उघडत नाहीत असा त्यांचा रोख आहे. वधामागे धर्म नसून राजकारण होते, हेही ते स्पष्ट सांगतात. ब्रिटिश अमलात हे लिहिणारा तरुण पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात (आजचे अहिल्यानगर) १९४२ पासून बंदिवान होता, आणि त्याच अहमदनगराजवळ भिंगार येथे १७०७ मध्ये औरंगजेबाचा अंत झाला होता, हा योगायोग मराठी वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. आझाद १९५८ मध्ये वारले. त्यांची कबर जामा मशीद आणि लाल किल्ला यांच्या मध्ये, म्हणजे सरमदपासून हाकेच्या अंतरावर आहे.

आझादांचा हा मोकळेपणा अपवादात्मकच होता. एकोणिसाव्या शतकापासून अरब आणि हिंदुस्थानी सुशिक्षितांना, युरोपीय लोक काय म्हणतील या धाकाने, आपल्याच काव्याची लाज वाटू लागली. कैरोत १९३२ मध्ये अबू नुवासची सोवळी आवृत्ती निघाली. २००१ मध्ये इजिप्तच्या सांस्कृतिक मंत्रालयाने त्याच्या काव्याच्या हजारो प्रती जाळण्याचा आदेश दिला. आपल्याकडे इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ ने जे गुन्हा ठरविले, त्याची सावली वाङ्मयेतिहासावरही पडली. ते कलम दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सौम्य केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा जसेच्या तसे उचलून धरले, आणि २०१८ मध्ये प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. यांतील पहिल्या निकालाच्याही आधी, २००० मध्ये, दिल्ली विद्यापीठात इतिहास शिकविलेले सलीम किदवई आणि रूथ वनिता यांनी भारतीय वाङ्मयांतील अशा प्रीतीचे वेचे एका ग्रंथात एकत्र केले. फारसी आणि उर्दूतील ज्या ओळींवरून प्राध्यापक वर्गात घाईने पुढे जात, त्या ओळी किदवईंनी थांबून वाचून दाखविल्या.

सरमदच्या लाल कबरीवर आज भाविक फुले वाहतात. दिल्लीतील इतिवृत्तांत अभयचंदचे नाव मागे पडत जाते आणि शिरच्छेदाच्या कथेत तो कोठेच नाही. दबिस्तानात मात्र तो आहे. शे आणि ट्रॉयर यांनी १८४३ मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतरातही ज्यूंवरील ते प्रकरण उघडले की, विश्वाच्या उत्पत्तीचा तो फारसी वृत्तांत त्याच्या नावाने समोर येतो : आधी अंधार, मग पाणी, मग प्रकाश, आणि मागाहून मनुष्य.